दोष फरशीचा

सोमवारी सकाळी गुण्या पाणी प्यायला उठला, डावीकडे कलला, अजून थोडा कलला आणि सोफ्याच्या पायावर आदळून जमिनीवर पसरला. मिस्त्रींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि जाहीर केलं,

"फरशी खचली."

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली त्यांची बायको लगबगीनं बाहेर आली, ती कुत्रा पडला म्हणून नव्हे, हे वाक्य ऐकून.

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या होत्या, आणि स्वतःच्या घरात ही एक. करड्या दगडाची, तीन आठवडे गुडघ्यांवर बसून घासलेली, आरशासारखी. पाहुणा आला की त्याला पाणी विचारायच्या आधी मिस्त्री खिशातून काचेची गोटी काढत आणि हॉलच्या मधोमध ठेवत. गोटी जागची हलत नसे. पाहुण्यानं "वा!" म्हटलं की मग पाणी मिळे. एकदा एका नातेवाइकानं गंमत म्हणून गोटीवर फुंकर मारली होती. त्यानंतर या घरातलं कुठलंही आमंत्रण त्याच्यापर्यंत पोचलं नाही. अशा माणसानं आपण होऊन आपल्या फरशीला नावं ठेवायची, म्हणजे त्याला दुसरं काहीतरी दिसलं होतं आणि ते बघायचं नव्हतं.

"अहो, त्याचे डोळे बघा," बायको म्हणाली.

"डोळे नंतर. आधी माझी पाणसळ आण."

पाणसळ आली. मिस्त्री पोटावर झोपले आणि बुडबुड्याची ती पट्टी प्रत्येक लादीवर आडवी-उभी ठेवून बघू लागले. शेजारी गुण्याही झोपलेलाच होता. त्याची मान एका बाजूला वळली होती आणि डोळ्यांतली बुबुळं डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे अशी धावत होती, जणू कुणीतरी घाईघाईनं पेपर वाचतंय आणि बातमी काही सापडत नाही.

प्रत्येक लादीवर बुडबुडा मधोमध. मिस्त्रींनी पाण्याची लांब नळी आणली, दोन्ही टोकं दोन भिंतींना लावली. पाणी दोन्हीकडे एका रेषेत. शेवटी गोटी काढली. गोटी जिथं ठेवली तिथं बसली. आयुष्यात पहिल्यांदा मिस्त्रींना तिचा राग आला.

"भिंती खचल्या असतील," ते म्हणाले. "सगळं घर एकदम कललं तर पाणसळीलासुद्धा..."

तेवढ्यात गुण्या ओकला. मिस्त्रींनी पाणसळ बाजूला ठेवली आणि ते रिक्षा बोलवायला गेले.

गुण्या म्हणजे खरं तर गवंड्याचा लोखंडी काटकोन. चौदा वर्षांपूर्वी एका बांधकामावर वाळूच्या ढिगाआड जन्मलेलं एक पिल्लू नव्या भिंतीच्या कोपऱ्यात पाठ इतकी चपखल लावून बसलेलं दिसलं, की मिस्त्रींनी तिथल्या तिथे त्याचं बारसं उरकलं. त्यानंतर दहा वर्षं, मिस्त्री काम थांबवेपर्यंत, तो रोज त्यांच्याबरोबर कामावर गेला. सुट्टी न मागणारा आणि सल्ला न देणारा, असा तो त्यांचा एकमेव सहकारी होता. आता हा काटकोन जमिनीवर वाकडा पडला होता.

जनावरांच्या दवाखान्यात त्यांच्या आधी एक मांजर, एक पोपट आणि एक खोका होता. खोक्यात काय आहे ते मालकीण सांगायला तयार नव्हती. सव्वा तास मिस्त्री गुण्याला मांडीवर घेऊन बसले. वीस किलोचा कुत्रा मांडीवर घ्यायची त्यांना सवय नव्हती आणि गुण्यालाही मांडीवर बसायची. दोघांनी एकमेकांची नजर टाळली.

डॉक्टरबाईंनी कानात बघितलं, डोळ्यांत बॅटरी मारली, पंजे उलटे टेकवून तो ते सरळ करतो का ते बघितलं. मग म्हणाल्या, "म्हाताऱ्या कुत्र्यांना होतं असं, एकाएकी. कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो. त्यात पाणी असतं. ते बिघडलं की सगळं जग गरगर फिरतं."

"म्हणजे पाणसळ," मिस्त्री म्हणाले. "आतला बुडबुडा सरकलाय."

"हो, तसंच समजा."

"मग ती काढा आणि दुसरी बसवा."

"नाही हो बदलता येत."

"निदान उघडून साफ?"

"ते उघडत नाही."

मिस्त्रींनी या उत्तरावर थोडा विचार केला. न उघडणारी वस्तू ज्यानं बनवली, त्या कारागिराबद्दल त्यांचं मत चांगलं झालं नाही.

"औषध?"

"ओकारी थांबायला देते. बाकी वाट बघायची. कानाचंच असेल, तर आपोआप सुधारेल. पण मेंदूत काही असेल, तर..." त्या थांबल्या. "वय आहे ना त्याचं."

"नक्की काय आहे, कान की मेंदू?"

"ते दोन-तीन दिवसांनी त्याच्याकडे बघूनच कळेल. गुरुवार संध्याकाळपर्यंत तो आपल्या पायांनी उठून, चालत जाऊन पाणी प्यायला, तर मी म्हणेन कान. नाही तर मग आपल्याला वेगळं बोलावं लागेल."

'वेगळं बोलणं' म्हणजे काय, हे मिस्त्रींनी विचारलं नाही. दवाखान्यातून एक माणूस रिकामा पट्टा हातात गुंडाळून बाहेर पडताना त्यांनी मघाशीच बघितला होता.

"वाट बघा म्हणे!" रिक्षात ते बायकोवर उखडले. "मी गिऱ्हाइकाला सांगितलं असतं की संडासाची फरशी गळतीये, आता गुरुवारपर्यंत तिच्याकडे बघत बसा, तर त्यानं मला त्याच संडासात कोंडलं असतं."

"माझ्यावर कशाला ओरडताय? मी काय त्याच्या कानात शिरले होते?"

मंगळवारी मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ कधीकाळी दोन वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा होता, त्यामुळे निम्मा डॉक्टर होता. उरलेला निम्मा मोबाइलनं पूर्ण केला होता.

"भाऊजी, घाबरू नका," तो चपला काढता काढता म्हणाला. "हे काय आहे, मी सांगतो. रात्री पंख्याखाली झोपतो ना हा?"

"चौदा वर्षं."

"बघा! साठत गेलं."

गुण्या खिडकीखाली आपल्या जागी पडला होता. त्याचं पाण्याचं भांडं स्वयंपाकघराच्या दाराशी, हॉलच्या दुसऱ्या टोकाला. बायकोनं ते त्याच्या तोंडाशी आणून बघितलं होतं. पण मान वाकडी, त्यामुळे पाणी नाकात जायचं, तो फुरफुरायचा आणि तोंड फिरवायचा. मग सुई नसलेल्या इंजेक्शनानं ती त्याच्या गालात थेंब थेंब पाणी सोडायची. ते तो गिळायचा, पण चेहरा असा करायचा, की याला पाणी पिणं म्हणत नाहीत हे त्याला ठाऊक आहे. तासादोन तासांनी त्याला भांड्याची आठवण यायची. तो पुढचे पाय रोवायचा, मागचे उचलायचा, आणि त्या आरशासारख्या फरशीवर चारही पाय चार दिशांना निघून जायचे. धप्प. प्रत्येक धप्पनंतरची विश्रांती आधीपेक्षा लांब होत चालली होती.

बाहेर, रस्त्याकडेच्या मातीवर उभा केला, तर थरथरत का होईना तो दोन मिनिटं उभा राहिला. पण तिथं पाण्याला तोंड लावेना. बाहेरचं पाणी प्यायचं नाही हे त्याला लहानपणी शिकवलेलं होतं. कुणी, ते सांगायला नकोच.

"पाय घसरतायत त्याचे," डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या. हा फोन लागण्याआधी एका गोड आवाजानं मिस्त्रींना अकरा वेळा सांगितलं होतं की त्यांचा फोन अत्यंत महत्त्वाचा आहे. "असा पडत राहिला तर तो प्रयत्नच सोडून देईल, आणि मग मला काहीच कळणार नाही. खाली पकड येईल असं काहीतरी अंथरा."

मेहुणा उड्या मारत गेला आणि रबराच्या चार चटया घेऊन आला. त्या खिडकीपासून भांड्यापर्यंत ओळीनं मांडल्या. आपल्या फरशीवर हे हिरवं रबर पसरलेलं बघताना मिस्त्रींचा चेहरा असा झाला, की बायकोनं त्यांना पाणी आणून दिलं. गोटी आणि "वा!" यांच्याशिवाय.

"ये बाळा, ये," मेहुणा चटईवर टाळ्या वाजवत म्हणाला.

गुण्यानं चटईकडे बघितलं. नाक पुढे केलं, मागे घेतलं. मग मोठ्या कष्टानं अंग सरकवून चटईच्या कडेला, बरोब्बर उघड्या दगडावर उठायचा प्रयत्न केला. धप्प.

"अरे, चटईवर! चटईवर उठ!"

पुन्हा दगडावर. धप्प.

"भाऊजी, हा मुद्दाम करतोय का?"

मिस्त्रींचे कान तापले होते, कारण त्यांना कळलं होतं.

नवी फरशी बसवली की तिच्यावर ओलं गोणपाट अंथरतात. त्यावर कुणाचा पाय पडला की खालची लादी हलते आणि दिवसभराचं काम वाया जातं. मजुरांना हे दहादा सांगावं लागायचं. गुण्याला दोनदा सांगितलं: जमिनीवर काही अंथरलेलं दिसलं की त्याच्याखाली ओलं काम आहे, पाय ठेवायचा नाही. दहा वर्षांत त्यानं एकही लादी हलवली नव्हती. घरातलं पायपुसणंसुद्धा तो उडी मारून ओलांडायचा आणि मिस्त्री अभिमानानं पाहुण्यांना ते दाखवायचे, गोटीनंतर दुसरा नंबर म्हणून. आता तो पडायला तयार होता, तहानलेलं राहायला तयार होता, पण मिस्त्रींचं काम बिघडवायला तयार नव्हता.

"ओलं नाहीये रे," मिस्त्री त्याच्यापाशी उकिडवे बसून म्हणाले. "वाळलंय. वीस वर्षं झाली. हा बघ, मी उभा राहतो." ते चटईवर उभे राहिले. नाचल्यासारखे दोनदा पायही आपटले.

गुण्यानं त्यांच्याकडे वाकड्या मानेनं बघितलं. मिस्त्री इतक्या खालच्या थराला जातील असं त्याला वाटलं नसावं.

बुधवार सल्ल्यांत गेला. मेहुण्यानं गुण्याच्या पायांना लहान मुलांचे मोजे चढवले. ते त्यानं खाल्ले. दोन दिवसांत पोटात गेलेली पहिली वस्तू म्हणून बायकोला त्याचासुद्धा आनंद झाला, आणि मग ते बाहेर कसे येणार याची काळजी सुरू झाली. चादर अंथरली, सतरंजी अंथरली, शेवटी वर्तमानपत्रं. गुण्या कशावरच येईना. दुपारी मिस्त्रींनी त्याच्या पोटाखालून टॉवेल घालून त्याला उचललं आणि भांड्याकडे न्यायला लागले. अर्ध्या वाटेत त्यानं पाय सोडून दिले आणि पिशवीसारखा लोंबला.

"उठ की!" मिस्त्री एकदम ओरडले. "उठ म्हणतो ना! पाय आहेत ना तुला? मी सांगतोय तर..."

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मेहुणा मोबाइल खाली करून छताकडे बघू लागला. गुण्यानं शेपूट एकदाच, अगदी थोडं, फरशीवर आपटलं. ओरडा खाल्ला की तो कामावरही असंच करायचा. चूक कुणाचीही असो, माफी तोच मागायचा.

मिस्त्रींनी टॉवेल हळूच खाली ठेवला. गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीचं झाकण, जे मुळीच सैल नव्हतं, अर्धा तास घट्ट करत बसले.

गुरुवारी सकाळी मेहुणा पुन्हा आला. या वेळी हातात काही नव्हतं. दाराशीच तो बहिणीला हळू आवाजात म्हणाला, "ताई, मी गाडी घेऊन येतो संध्याकाळी. भाऊजींना रिक्षातून नको. परत येताना... नको."

मिस्त्रींनी ते ऐकलं. ते उठले, माळ्यावरून आपली जुनी अवजारांची पिशवी खाली काढली आणि हॉलमध्ये येऊन पहिल्यांदा चारही चटया एकेक करून दाराबाहेर फेकल्या. मग पिशवीतून टाकी काढली. दगडाला टोचे मारून खडबडीत करायची ती बोटभर जाडीची पोलादी छिन्नी. चाळीस वर्षं हातात राहून राहून तिच्यावर अंगठ्याचा खड्डा पडलेला. दुसऱ्या हातात हातोडी.

"अहो," बायको म्हणाली. "अहो, काय करताय?"

"पकड हवी म्हणाल्या ना त्या बाई?"

"अहो, ती फरशी..."

"माझी आहे."

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, एकदा ऑनलाइन बघू या का, चिकटवायच्या पट्ट्या मिळतात..."

"तू तिकडे हो. डोळ्यात कपची जाईल."

धंद्याची सवय जात नाही. अशा वेळीही मिस्त्रींनी खडूची दोरी ताणली आणि खिडकीपासून भांड्यापर्यंत हातभर रुंदीच्या दोन सरळ रेघा मारल्या, भिंतीशी काटकोनात. मग गुडघ्यांवर बसले, त्याच जागी जिथं वीस वर्षांपूर्वी तीन आठवडे बसले होते, आणि पहिला घाव घातला.

ठण्.

आरशात पांढरा फोड उठला. बायकोनं डोळे मिटून घेतले.

ठण्. ठण्. ठण्.

"अहो, थांबा," ती म्हणाली. डोळे तिनं उघडले होते. "तिकडे बघा."

खिडकीखाली गुण्याचा एक कान उभा राहिला होता. मग दुसरा. मिस्त्री थांबले तसे कान पडले. त्यांनी पुन्हा टाकी चालवली. कान पुन्हा उभे. दहा वर्षं रोज सकाळी हा आवाज झाला, की त्याचा अर्थ एकच असे: काम सुरू झालंय आणि आपण अजून झोपलोय.

"चालू ठेवा भाऊजी!" मेहुणा ओरडला. "थांबू नका!"

"मला शिकवू नकोस," मिस्त्री म्हणाले आणि चालू ठेवलं. तासाभरात रेघांमधली पट्टी नुसती टोच्यांनी भरून गेली. गुडघे पेटले होते, हाताला कळ लागली होती, धूळ नाकात जाऊन शिंका येत होत्या. प्रत्येक शिंकेबरोबर ते कुणालातरी शिव्या घालत होते: डॉक्टरला, फोनमधल्या बाईला, कान बनवणाऱ्याला, आणि एकदा स्पष्टपणे स्वतःला.

गुण्या उठला. पुढचे पाय, मागचे पाय. चारही जागच्या जागी राहिले. तो थरथरत, रुंद उभा राहिला, मान तिरकी, डोळे अजून थोडे पेपर वाचणारे. खाली टोचलेला दगड होता. अंथरलेलं काही नव्हतं. त्यानं एक पाऊल टाकलं. दुसरं. तिसरं डावीकडे पडलं. चौथं आणखी डावीकडे. पाचवं रेघ ओलांडून आरशावर गेलं आणि धप्प.

"सरळ ये की गाढवा!" मिस्त्री कळवळले. "सरळ आखून दिलंय!"

"त्याचं जग फिरतंय हो," बायको म्हणाली. "त्याला डावीकडचंच सरळ दिसत असेल."

मिस्त्रींनी आपल्या पट्टीकडे बघितलं. काटकोनात होती. एका दोऱ्याचाही फरक नव्हता. इतकं बिनचूक आणि इतकं निरुपयोगी काम त्यांच्या हातून याआधी झालं नव्हतं.

त्यांनी दोरी गुंडाळून पिशवीत टाकली. रांगत गुण्याच्या पुढ्यात आले आणि जिथं त्याचा पाय पडू बघत होता, तिथं घाव घालायला सुरुवात केली. हातभर टोचून झालं की मागे सरकायचे. गुण्या आवाजाच्या मागे उठायचा, दोन पावलं टाकायचा, डावीकडे कलायचा, थांबायचा. मिस्त्री डावीकडे टोचायचे. मापं नाहीत, खडू नाही. सोफा आडवा आला. मेहुण्यानं एकट्यानं तो भिंतीपर्यंत रेटला आणि या घरात पहिल्यांदाच काही उपयोगाचं केल्याबद्दल कुणी त्याला काही म्हणेल म्हणून वाट बघितली. कुणी म्हटलं नाही.

वाट हॉलच्या मधोमध आली, जिथं गोटी ठेवत असत. मिस्त्रींची टाकी एक क्षण हवेत थांबली.

ठण्.

दुपार कलायच्या सुमाराला भलामोठा वळसा घेऊन, भिंतीला घासून, दोनदा बसून, गुण्या आपल्या भांड्यापाशी पोचला. पुढचे पाय फाकवून उभा राहिला. तिरक्या मानेनं भांड्यात डोकावला, नेम चुकला, पुन्हा धरला, आणि प्यायला लागला. लप लप लप. तिघंही उभे होते तिथं उभे राहिले. मिस्त्री तर रांगतच होते.

निम्मं पाणी पोटात गेलं आणि निम्मं भांडं कलंडून बाहेर. भांड्याभोवतीच्या न टोचलेल्या लादीवर ते पसरलं आणि कुठल्याही बाजूला न पळता, जिथं सांडलं तिथंच गोल उभं राहिलं.

"फरशी सरळच होती," बायको म्हणाली.

"हो ना," मिस्त्री म्हणाले. "तेच तर."

तिनं फोन लावला. या वेळी तो चारच वेळा महत्त्वाचा असल्याचं कळलं. "प्यायला," ती डॉक्टरबाईंना म्हणाली, तेवढ्यात मेहुण्यानं फोन ओढून घेतला आणि आपण केलेल्या उपचारांची माहिती द्यायला लागला. मिस्त्रींनी तो त्याच्या हातातून काढला.

"चालत गेला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"वाकडा. पण आपल्या पायांनी."

"मग कानच. छान झालं! आता हळूहळू सुधारेल. मान मात्र थोडी तिरकी राहील, कदाचित कायमची."

"किती?" मिस्त्रींनी विचारलं. "अंशांत सांगा."

"ते नाही हो सांगता येत."

"तुम्हाला एकही गोष्ट नक्की सांगता येत नाही," मिस्त्री म्हणाले, आणि नाकावरची धूळ पुसत, "बरं. उपकार झाले."

त्यांनी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून पाय लांब केले. गुडघे वाजले. समोर त्यांचा हॉल होता. एक सरळ पट्टी, जिच्यावरून कुणीही जाणार नव्हतं, आणि एक भलामोठा पांढरा वळसा, जो दारुड्यानं आखल्यासारखा दिसत होता. पुढचा पाहुणा काय म्हणेल याचा त्यांनी विचार केला आणि पाहुण्यांना सोडून दिलं.

गुण्यानं ओठ चाटले, मागे वळायला गेला आणि डावीकडे कलला. साहजिकच. जाताना जो डावीकडे वळतो, तो येतानाही डावीकडेच वळणार, आणि ती डावीकडची बाजू म्हणजे हॉलचा दुसरा अर्धा भाग, अजून आरशासारखा.

मिस्त्रींनी एक लांब श्वास सोडला.

"थांब रे बाबा," ते म्हणाले. "हलू नकोस. आलो."

आणि टाकी उचलली.